बायकोसकट साल

साळूबाईला एक वाईट खोड होती. भेटेल त्याला ती पगार विचारायची. लोक पाऊसपाणी विचारतात, पोराबाळांची खुशाली विचारतात, ही विचारायची, "तुला किती पडत्यात रं?" गाव तिला हसायचं. मीही हसले असते, पण तिनं पहिल्याच आठवड्यात तो प्रश्न मलाच विचारला.

मी मूळची वाईची. आमचे हे, म्हणजे विष्णुपंत, कृष्णाकाठच्या एका गावात शाळामास्तर होते, ताकारी स्टेशनापासून दीड कोसावर. नानासो म्हणून तिथले मोठे ऊसवाले. त्यांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं मिळाल्या होत्या. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचा गोठा दिसायचा आणि पुढच्या दारात उभं राहिलं की त्यांचा सोपा, म्हणजे बैठकीची ओसरी. साळूबाई त्या गोठ्यात शेण काढायची. उंच, काटकुळी, म्हसवडकडच्या कोरड्या रानातून या बागायतीत दिलेली. शेणाची पाटी डोक्यावर तशीच ठेवून ती खिडकीशी थांबली आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, मास्तरास्नी म्हैन्याला किती पडत्यात?"

मला ठाऊक नव्हतं.

"आवं, भाकरी तुमी थापता आन् तुमास्नीच ठावं न्हाई?" ती मोठ्यानं हसली आणि उकिरड्याकडे गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी मी ह्यांना विचारलं. ह्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "तुला काय करायचंय?" त्या रात्री आमच्या घरी पिठलं फार तिखट झालं.

पुढे आमची ओळख वाढली आणि कळलं, की साऱ्या मुलखात कोण कसा पोट भरतो हे तिला तोंडपाठ होतं. सुतार-लोहार बलुत्यावर. वर्षभर कुणाचाही नांगर दुरुस्त करायचा आणि खळ्यावर जाऊन पेंढ्या मागायच्या. मालकाचा हात ढिला असला तर पोट भरलं, आखडता असला तर सुतारानं गप्प बसायचं. रोजानं जाणाऱ्याला संध्याकाळी हातात रोकडा, पण पाऊस लागला की चूल थंड. त्यातही गड्याला सहा आणे, बाईला तीन. एकाच सरीत, एकाच खुरप्यानं. गुऱ्हाळावरचा गुळव्या रस आटवायच्या दर काहिलीमागं उक्ता पैसा घ्यायचा आणि वर गुळाची ढेप. हंगामात त्याचा थाट जावयासारखा, हंगाम संपला की तोही दारोदार. मिरजेला रेल्वेच्या गँगमधला माणूस सुखी, कारण पाऊस पडला तरी पगार पडतो. पण तिथंही कायम वेगळा आणि हंगामी वेगळा. आणि पलटणीतला शिपाई सगळ्यांत वरचा. पगार, कपडा, जेवण आणि परत आला तर पेन्शन.

"आन् परत न्हाई आला तर?" मी एकदा विचारलं.

"तर बायकूला पेन्शन. बगा की, मेल्यावर तरी बायकूचं नाव लागतं."

हे सगळं ती इतरांचं सांगायची. स्वतःचं सांगायची नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. तिचा नवरा कृष्णात नानासोंकडे सालगडी होता, आणि ती त्याच्या सालात होती.

ही रीत मला समजायला वेळ लागला आणि समजल्यापासून आजतागायत माझं डोकं ठिकाणावर नाही. पाडव्याला साल बदलायचं. नानासोंच्या सोप्यात घोंगडं अंथरायचं, दोन-चार म्हातारी माणसं बसायची, मधे पानाचा विडा आणि त्यावर एक रुपया. बोलणं व्हायचं. पैसे इतके, जोंधळा इतका, एक घोंगडं, एक वहाणांचा जोड, दिवाळीला धोतर. पटलं की गडी विडा उचलायचा. एकदा उचलला की पुढच्या पाडव्यापर्यंत तो बांधला गेला. ना त्याला सुटता येई, ना मालकाला काढता येई. इथवर ठीक. पण जो विडा उचलायचा त्याची बायकोही त्या विड्याबरोबर उचलली जायची. गोठा तिनं झाडायचा, शेण तिनं काढायचं, शेणी तिनं थापायच्या, रानात भाकऱ्या तिनं पोचवायच्या, सणाला दळण तिनं दळायचं. त्याबद्दल काय? काही नाही. मालकिणीचा हात सैल असला तर लोटाभर ताक. तिचं नाव त्या सोप्यात कुणी घ्यायचं नाही, कारण गड्याच्या पाठीमागं बायको असायचीच, जशी नांगरामागं सरी.

बेचाळीस सालच्या दिवाळीनंतर कराडला पलटणीची भरती आली आणि कृष्णात कुणाला न सांगता जाऊन नाव देऊन आला. आठ दिवसांत गेलाही. साल सरायला अजून चार-पाच महिने होते. नानासो लालबुंद झाले. साळूबाईचा सासरा आकाराम, साधा, भित्रा म्हातारा, हात जोडून सोप्याच्या पायरीशी उभा राहिला. नानासो म्हणाले, "विडा उचललाय. साल भरून द्यावं लागंल. कसं द्यायाचं ते तुमी बगा."

साल साळूबाईनं भरून दिलं. गोठा होताच, आता नांगर, पाणी, वैरण, सगळं तिच्या अंगावर आलं. विहिरीवरची मोट तिनं हाणली. बाई माणूस मोटेच्या नाड्यावर बसून बैल धावेवरनं खाली पळवतंय, हे बघायला पोरंच काय, बापयेसुद्धा बांधावर जमायचे. आधी टिंगल झाली. मग पाणी सगळ्या उसाला पोचतंय म्हटल्यावर टिंगलही थांबली. कृष्णातच्या पगारातली मनीऑर्डर यायची ती आकारामच्या नावानं. तीत साळूबाईच्या वाट्याला काय आलं, तर पोस्टमनला पाणी द्यायचं काम.

त्रेचाळीसचा पाडवा आला. महागाईनं सालाचा भाव चढला होता. मी दारात उभी होते; आत जाऊन बसण्याची मला सोय नव्हती आणि आत काय चाललंय ते न ऐकण्याइतकी मी चांगली नव्हते. साळूबाई सोप्याच्या खालच्या अंगाला शेणानं सारवत होती. नानासो म्हाताऱ्यांना म्हणाले, "कृष्णातचं साल पुरं झालं." कृष्णातचं! तो तिकडे कुठल्या वाळवंटात बंदूक घेऊन, आणि साल त्याचं पुरं झालं. साळूबाईचा हात सारवता सारवता थांबला.

मग नव्या गड्याचं बोलणं सुरू झालं. कवठे महांकाळकडचा केरबा म्हणून एक माणूस आला होता. अंगानं धट्टाकट्टा, बायको वर्षापूर्वी वारलेली. नानासोंनी त्याला आपादमस्तक पाहिलं.

"जोडीचं साल शंभर रुपय हाय. तुला बायको न्हाई. तुझं पंच्याहत्तर."

केरबा म्हणाला, "मालक, काम तर मी तेवढंच करणार की."

"गोठा कोण काढंल? शेण? भाकरी कोण पोच करंल? तुझ्या मागं बाई न्हाई तर पंचवीस तुटणारच. रीतच हाय ती."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. नानासोंनाही वाटलं नाही. ते हे वाक्य दरसाल कुठल्या ना कुठल्या विधुराला ऐकवत आले असतील. पण आज ते ऐकणारं माणूस शेणाचा हात घेऊन उभं राहिलं.

"मालक, बायकूचं पंचवीस असत्यात?"

नानासोंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"न्हाई, मी इचारती. बायकू नसली तर पंचवीस कापत्यात. मग असती तवा ते कुटं जात्यात?"

"साळू, सारवून झालं असंल तर जा."

"असती तवा ते गड्याच्या शंभरात असत्यात म्हंजी. माजं पंचवीस. इतकी वर्सं. आन् गेल्या दिवाळीपास्नं तर समदंच माजं." ती पायरी चढून वर आली. हात लुगड्याला पुसले. "औंदाचं साल मी करती."

कुणीतरी फस्सकन हसलं. नानासो हसले नाहीत. त्यांना आता खरा राग आला होता. "बाईचं साल नसतं. बाईला रोज असतो. गोठ्याचं तू करतीसच, वाटलं तर सुगीत रोजानं ये."

"का नसतं? मोट हाणली न्हवं? नांगूर धरला न्हवं?"

"बरं, धरलास. मग घे की पंच्याहत्तर," नानासो उपरोधानं म्हणाले. "एकट्या माणसाचं."

"घेती. पर मग गोठा दुसऱ्यानं काढायचा. मी एकटी हाय, मलाबी बायकू न्हाई."

आता सगळा सोपा हसला. केरबा तर गुडघ्यावर थाप मारून हसला. म्हाताऱ्यांतला अर्जुना म्हणून एक होता, तोंडात दात नाही असा, तो म्हणाला, "नानासो, बोलती ते बराबर हाय गड्या. गोठाबी काढायचा आसंल तर शंभर."

"शंभर गड्याचं असतं!"

"पंच्याहत्तर गड्याचं, पंचवीस बायकूचं. तुमीच म्हणला की आत्ता," साळूबाई म्हणाली, आणि वाकून तिनं विडा उचलला.

"ठेव खाली," नानासो ओरडले.

तिनं विडा तोंडात घातला. चार बापयांच्या बैठकीत, सासऱ्यासमोर, डोईवरचा पदर न ढळू देता ती तो विडा चावत उभी राहिली. आकारामनं मान खाली घातली. अर्जुना म्हातारा म्हणाला, "खाल्ला गड्या. आता काय न्हाई बोलायाचं." रीत नानासोंचीच होती, तिच्यातून त्यांनाही वाट नव्हती. त्यांनी पायानं घोंगडं सरकवलं आणि आत गेले. मी दारात उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आनंदानं आलं होतं.

ते साल तिनं कसं काढलं हे मी खिडकीतून रोज पाहिलं. नानासोंनी एकही सवलत दिली नाही. ताप आला तर खाडा. बैल लंगडला तर तिची चूक. गुऱ्हाळ लागलं तेव्हा रात्रंदिवस ऊस वाहायला तीच. अंगावर मांस राहिलं नाही. पण पगार विचारायची खोड गेली नाही. आता ती विचारायची आणि वर सांगायचीही, "मला शंभर." ते सांगताना तिचा चेहरा मी पाहिलाय. दागिना दाखवतानाही कुणा बाईचा चेहरा मी तसा पाहिलेला नाही.

दिवाळीला सालातलं धोतर आलं. तिनं लुगडं मागितलं होतं. नानासो म्हणाले, सालात धोतर असतं. वहाणाही बापयाच्या मापाच्या आल्या. धोतर आणि वहाणा आकारामनं घातल्या आणि देवळाला जाऊन आला. साळूबाई हसून म्हणाली, "म्हातारं खूश झालं." मी हसले नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, हे साल कुठल्या वाटेनं जाणार ते.

चव्वेचाळीसचा पाडवा. दारोदार गुढ्या उभ्या होत्या. साळूबाई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून सोप्यात आली. नानासोंनी नोटा काढल्या, दोनदा मोजल्या, आणि तिच्याकडे न बघता हाक मारली, "आकाराम! घे तुझ्या सुनंचं."

आकाराम पुढे झाला. नोटा घेतल्या. बंडीच्या खिशात घातल्या.

"मालक," साळूबाई म्हणाली, "साल माजं."

"मग? तुझ्याच घरात दिलं न्हवं? घरच्या बापयाच्या हातात दिलं. बाईच्या हातात सालाचा पैसा दिल्यालं कवा कुणी बगितलंय?"

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. अर्जुनानंही. गेल्या वर्षी हसलेले सगळे आज त्याच मानेनं डोलत होते. साळूबाई सासऱ्याकडे वळली. "मामंजी, माजं द्या."

"घरातलं घरातच हाय की गं," म्हातारा पुटपुटला. "गुंडाचं लगीन काडलंय. भांडी घ्याची हाईत." गुंडा म्हणजे तिचा धाकटा दीर, दिवसभर पारावर बसून विड्या ओढणारा. त्याच्या लग्नाच्या भांड्यांसाठी ती वर्षभर मोटेवर बसली होती!

ती वळली, पायऱ्या उतरली आणि घरी गेली. मला वाटलं, संपलं. मी ह्यांच्याजवळ रडले, चिडले, आदळआपट केली. हे म्हणाले, "कायद्यानं काही करता येणार नाही." मी म्हटलं, "कायदा राहू दे, तुमचा पगार किती ते आधी सांगा." त्या दिवशी मला तो कळला. लग्नाला सात वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात कुणी आलं नाही. नव्या सालाला केरबाच लागला होता, पंच्याहत्तरवर. पण केरबानं शेणाला हात लावला नाही. "मालक, माजं एकट्याचं हाय. गोठा त्यात न्हाई, तुमीच कापलासा." रोजानं येणाऱ्या बाया ऊसतोडीला गेलेल्या, तिथं उक्तं काम होतं, चार पैसे जास्त होते, गोठ्यात कोण येतंय? गुरं हंबरायला लागली. दोन दिवसांत माझ्या खिडकीशी उभं राहवेना.

शेवटी पाटी उचलली ती नानासोंच्या बायकोनं. अंजनावहिनी. जाडजूड, गोरी, अबोल बाई. एवढ्या वर्षांत मी तिचा आवाज चार-सहा वेळाच ऐकला असेल. घरात पंधरा माणसांचा स्वयंपाक ती एकटी करायची. वर आता गोठा. तिनं तो कोपरापर्यंत शेणात हात घालून काढला आणि तशाच हातांनी, पदर खोचलेला, ती रस्त्यावरनं आकारामच्या घराकडे निघाली. मालकिणीला असं चालत जाताना गावानं कधी पाहिलं नव्हतं. मी मागोमाग गेले. मला राहवलं नाही.

साळूबाई दारात बसून जोंधळा पाखडत होती. अंजनावहिनी तिच्यासमोर उभी राहिली आणि किंचाळलीच.

"तुला साल पायजे व्हय गं? शंभर पायजे? हातात पायजे?"

साळूबाई सूप ठेवून उठली. शिव्या खायची तयारी तिनं ठेवली असावी. पण पुढचं जे आलं, त्याची तयारी कुणाचीच नव्हती.

"आन् मला कोन देणार? लगीन झाल्यापास्नं चुलीम्होरं हाय मी. पाच बाळातपणं त्या घरात केली. सुगीला पन्नास-पन्नास मानसांचं रांधलं. तुला लोटाभर ताक तरी मिळत व्हतं. माज्या हातात कवा कुणी दमडीबी ठिवली न्हाई. बांगड्या भराया मागाव्या लागत्यात मला! तू इचारत फिरतीस न्हवं समद्या गावाला, तुला किती, तुला किती? मला का न्हाई गं इचारलंस कवा?"

तिच्या कोपरावरून शेण गळत होतं. साळूबाई साऱ्या मुलखाला विचारून आली होती, सुताराला, गुळव्याला, रेल्वेच्या माणसाला, मला. आणि रोज जिच्या दारात उभी राहायची तिला विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. शेवटी ती हळूच म्हणाली, "वैनी, तुमचं मी काय सांगू? तुमी मालकास्नी इचारा. मला माजं पायजे. त्याबगार मी पाटी उचलत न्हाई."

अंजनावहिनी वळली आणि आली तशी परत गेली.

त्या दिवशी नानासोंच्या घरातून धूर निघाला नाही. अंजनावहिनी माजघरात भिंतीकडे तोंड करून निजली. कुणी हाक मारली तर उत्तर नाही. पोरं रडली, नानासो गरजले, आईबाप काढले. ती हलली नाही. बाहेर गुरं, आत माणसं, दोन्हीकडे बोंब. नानासोंनी दुसऱ्या दिवसाची दुपार कशीबशी काढली. उन्हं कलल्यावर ते डोक्याला फेटा न बांधताच आकारामच्या दारात आले आणि नोटा साळूबाईच्या पुढ्यात धरल्या.

"घे. म्हाताऱ्याला दिलं ते गेलं. हे तुझं. एका सालाचं मी दोनदा दिलं, एवढं ध्यानात ठेव."

"दोनदा न्हाई, मालक. मला एकदाच मिळालं," साळूबाई म्हणाली. तिनं हात पुढे केला. नोटा त्यांनी हातात ठेवल्या. ती भर रस्त्यात, आकारामसमोर, गुंडासमोर त्या एक-एक करून मोजत बसली आणि मोजून झाल्यावर कमरेला खोचल्या. मग म्हणाली, "उद्यापास्नं गोठ्याला येती. पंचवीस आगाव ठरवून."

नानासो मानेनंच हो म्हणाले आणि गेले. गावात त्या गोष्टीचा किती बोलबाला झाला! साळूबाईनं साल हातात घेतलं, बाईनं नोटा मोजल्या. पुढे दोन-तीन गावांत गड्यांच्या बायकांनी गोठ्याचे पैसे वेगळे मागितले आणि काहींना मिळालेही. कृष्णात लढाईवरून परत आला तेव्हा त्याला हे सगळं लोकांनी सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलं." साळूबाई पुढे म्हातारी होईपर्यंत ताठ चालली. जो तो तिचीच गोष्ट सांगतो.

मी मात्र नोटा मोजल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे खिडकीशी उभी होते. गोठ्यात साळूबाई पाटी भरत होती, पंचवीस रुपयांवर. आणि पलीकडे, नानासोंच्या चुलीतून धूर निघायला लागला होता. अंजनावहिनी उठली होती. तिला कुणी काही दिलं नव्हतं, काही कबूल केलं नव्हतं, तिच्याशी कुणी बोललंसुद्धा नव्हतं. पोरं उपाशी होती म्हणून ती उठली होती. भाकरी थापल्याचा आवाज मला इथवर येत होता. तो ऐकत मी माझी चूल पेटवली.